टॅबलेट, इअरपीस आणि कॅचरची दोन बोटे

हौशी बेसबॉल सामन्यांत गुणलेखन करताना माझ्या मांडीवर एक टॅबलेट असतो, आणि नियमांच्या दृष्टीने तो एकाच वेळी निर्दोषही असतो आणि संशयास्पदही. टाकलेला प्रत्येक चेंडू मी त्यात नोंदवतो: स्ट्राइक (फलंदाजाच्या विरोधात मोजला जाणारा) होता की बॉल (पट्ट्याबाहेरून गेलेला), फटका कोणत्या दिशेला गेला, पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, आतापर्यंतचा हा कितवा चेंडू. इथवर कोणाचीच हरकत नसते. दोन हंगामांपूर्वी मात्र एका प्रशिक्षकांनी सामना सुरू असताना डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेच्या, कठड्यावरून वाकून मला विचारले, "अहो, या मुलानं मागच्या दोन्ही वेळी कुठे मारलं होतं?" उत्तर माझ्यासमोर पडद्यावरच होते, दोन्ही फटके तिसऱ्या बेसच्या बाजूने गेले होते. मी ते सांगितले असते, तर त्यांनी क्षेत्ररक्षकांना दोन पावले डावीकडे सरकवले असते आणि कदाचित एक धाव वाचली असती. मी म्हणालो, "सामना संपल्यावर दाखवतो, सर." त्यांना ते आवडले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही माझे उत्तर त्या क्षणी थोडे हास्यास्पद वाटले, कारण हीच नोंद कागदाच्या वहीत असती आणि त्यांनी ती स्वतः उघडून पाहिली असती, तर कोणी भुवईदेखील उंचावली नसती.

त्या दिवसापासून मी सामन्यात यंत्रे वापरण्याविषयीच्या नियमांकडे बारकाईने पाहू लागलो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या ज्या नियमपुस्तिकेवरून मी शिकलो, तिच्यात याविषयीची भाषा कडक आहे. मैदानावर, डगआउटमध्ये किंवा बुलपेनमध्ये (राखीव पिचर सराव करतात त्या जागेत) असलेल्या कोणाशीही संपर्क साधण्यासाठी संघाने वॉकीटॉकी, मोबाइल फोन किंवा तत्सम विद्युत उपकरण वापरायचे नाही, असा तिचा आशय आहे. अपवाद गुणलेखनाचा आणि चेंडूमोजणीचा. हा अपवाद करणे भागच होते, कारण २००७ पासून लिटल लीगमध्ये पिचरने एका दिवसात किती चेंडू टाकायचे याची मर्यादा वयानुसार ठरलेली आहे (९ ते १० वर्षांच्या मुलांना ७५, ११ ते १२ वर्षांच्या मुलांना ८५), आणि ती पाळायची तर कोणीतरी अचूक मोजलेच पाहिजे. म्हणजे ज्या यंत्राला दाराबाहेर ठेवायचे होते, त्यालाच मुलाच्या खांद्याच्या काळजीपोटी आत बोलवावे लागले. आत आल्यावर त्याने फक्त मोजावे आणि बोलू नये, अशी अपेक्षा आहे. माझ्यासारख्या माणसाचे काम त्या अपेक्षेच्या उंबरठ्यावर बसून राहण्याचे आहे.

आता मुळात एवढी गुप्तता कशासाठी, हे बेसबॉलशी फारसा परिचय नसलेल्या वाचकासाठी सांगायला हवे. पिचरच्या पायाखालची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथल्या पाटीपासून, १८.४४ मीटर अंतरावर असते. वेगवान पिचरचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, आणि फलंदाजाला त्याच्याही काही अंशात ठरवावे लागते की बॅट फिरवायची की नाही. येणारा चेंडू फास्टबॉल आहे की खाली वळणारा कर्व्हबॉल, एवढे जरी आधी कळले, तरी अर्धे कोडे सुटते. परंतु पिचर आणि फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर यांनी एकमेकांशी आधी ठरवलेच पाहिजे, नाहीतर कॅचरचा पंजा एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे अशी गत होते. म्हणून कॅचर उकिडवा बसतो, दोन मांड्यांच्या आड उजव्या हाताची बोटे दाखवतो, एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्हबॉल, आणि पिचर मान हलवून होकार किंवा नकार देतो. पिचरच्या मागच्या, दुसऱ्या बेसवर प्रतिस्पर्ध्याचा रनर, म्हणजे धाव पुरी करायला थांबलेला खेळाडू, उभा असेल, तर त्याला ती बोटे दिसतात. मग खुणांचा क्रम बदलावा लागतो, खोट्या खुणा मिसळाव्या लागतात.

रनरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या डोक्याने उलगडून ही खूण पकडली, तर व्यावसायिक बेसबॉलमध्ये ती चोरी गुन्हा मानली जात नाही, उलट त्यात कौशल्य पाहिले जाते. डोळ्यांच्या मदतीला यंत्र आले की मात्र ती फसवणूक ठरते. ही रेघ ओढली गेली ती अनुभवातून. १९०० साली फिलाडेल्फियाच्या संघाने सेंटर फील्डमागच्या, म्हणजे होम प्लेटसमोरच्या दूरच्या टोकाच्या, क्लबहाउसमध्ये दुर्बीण घेऊन एक खेळाडू बसवला होता आणि तिथून मैदानाखालून तार ओढून तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकाच्या पायाखाली विजेचा बझर पुरला होता. १७ सप्टेंबरच्या सामन्यात सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्कोरनने बुटाच्या खिळ्यांनी तिथली माती उकरली आणि तारेसकट सारा बेत वर काढला. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने पोलो ग्राउंड्स या आपल्या मैदानावर जवळजवळ हाच प्रकार दुर्बिणीने आणि बुलपेनमधल्या बझरने केला, आणि त्याची सविस्तर हकिकत जगापुढे यायला २००१ साल उजाडले. २०१७ च्या ह्यूस्टन ॲस्ट्रोसचे प्रकरण तर अजून ताजे आहे. कॅमेऱ्याचे चित्र डगआउटलगतच्या पडद्यावर पाहायचे आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला इशारा द्यायचा, असा तो कारभार होता. जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा निकाल लागला आणि ५० लाख डॉलरचा दंड झाला. मला त्यातली गंमत अशी वाटते की शंभरांहून अधिक वर्षांच्या प्रगतीनंतरही निरोपाचा शेवटचा टप्पा ठोकून आवाज करण्याचाच राहिला.

हौशी खेळात एवढी साधने कोणाकडे नसतात, आणि इतका खटाटोप करण्याइतका मोबदलाही नसतो. तिथे यंत्रांचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट चोरीची नव्हती. शालेय आणि महाविद्यालयीन संघांत कोणता चेंडू टाकायचा हे बऱ्याच वर्षांपासून कॅचर ठरवतच नाही, डगआउटमधले प्रशिक्षक ठरवतात. पूर्वी ते नाक, कान, टोपी, कोपर यांना हात लावून खुणा करीत आणि कॅचर त्या पाहून पुन्हा बोटांनी पिचरला सांगे. पुढे मनगटावरचे पट्टे आले. त्या पट्ट्यात बारीक आकड्यांचा तक्ता असतो. प्रशिक्षक मोठ्याने तीन अंक पुकारतात, कॅचर तक्त्यात रकाना आणि ओळ शोधतो आणि त्या चौकटीत त्याला चेंडूचा प्रकार व जागा सापडते. अंक पुकारलेले सगळ्यांना ऐकू येतात, पण तक्ता बदलता येत असल्याने प्रतिस्पर्ध्याला त्यांचा उपयोग होत नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या खेळांचे नियम करणाऱ्या नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सला या पट्ट्यांसाठीही नियम लिहावे लागले: पट्टा मनगटावर किंवा कोपराखालच्या हातावरच हवा, एकाच रंगाचा हवा, आणि पिचरच्या हातावरचा पट्टा फलंदाजाची नजर विचलित करणारा नसावा. कागदाच्या तुकड्यासाठी एवढे, हे वाचून हसू येते. परंतु ज्यांनी प्रत्येक चेंडूआधी मुलाला मनगट वर करून, डोळे बारीक करून तक्ता वाचताना पाहिले आहे आणि त्या वेळात उन्हात उभा राहिलेला अंपायर पाहिला आहे, त्यांना पुढची पायरी का आली हे कळेल.

ती पायरी आधी महाविद्यालयांत आली. २०२१ च्या हंगामात साउथईस्टर्न कॉन्फरन्स या अमेरिकी महाविद्यालयांच्या गटात एकतर्फी संपर्काच्या उपकरणांचा प्रयोग झाला, आणि महाविद्यालयीन खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेने २०२२ पासून ती सर्वांसाठी खुली केली. काही संघांनी कानातले उपकरण घेतले. काहींनी घड्याळासारखा छोटा पडदा मनगटावर बांधला, ज्यावर डगआउटमधून पाठवलेला आकडा उमटतो. माध्यमिक शाळांच्या नियमांत ही मुभा २०२४ च्या हंगामापासून आली. ती देताना नियमकर्त्यांनी तिच्याभोवती तीन भिंती बांधल्या, आणि मला सर्वांत रस आहे तो या भिंतींमध्ये.

पहिली भिंत दिशेची. निरोप प्रशिक्षकाकडून जाईल, परत येणार नाही. दुसरी भिंत व्यक्तीची आणि वेळेची. निरोप फक्त कॅचरला, तोही आपला संघ क्षेत्ररक्षण करीत असताना, आणि फक्त चेंडू ठरवण्यासाठी. पिचरला नाही, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) नाही, आणि फलंदाजाला तर मुळीच नाही. तिसरी भिंत जागेची. उपकरण वापरताना प्रशिक्षक डगआउटमध्ये, बाकाच्या ठरलेल्या जागेत किंवा बुलपेनमध्ये असले पाहिजेत, बाहेर येऊन नव्हे.

यातील फलंदाजाविषयीची बंदी समजायला सर्वांत सोपी आहे. समजा फलंदाजाच्या हेल्मेटमध्ये आवाज येऊ शकतो. पिचरने हात वर नेला, कॅचर बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकला, आणि त्याच क्षणी डगआउटमधून कोणी "बाहेर" एवढा एकच शब्द उच्चारला. एका शब्दाला लागणारा वेळ चेंडूच्या प्रवासापेक्षा फार मोठा नसतो, पण पिचरच्या हालचालीच्या आरंभापासून मोजला तर तो पुरतो. मग खेळ फलंदाज आणि पिचर यांच्यातला राहत नाही. कुंपणापलीकडे कॅमेरा घेऊन बसलेल्या पालकाने मोबाइलवरून डगआउटला कळवायचे आणि तिथून ते हेल्मेटमध्ये पोचवायचे, अशी साखळीही मग कोणीतरी जोडलीच असती. पालकांच्या उत्साहाविषयी माझे मत गुणलेखकाच्या खुर्चीवरून बनलेले आहे, त्यामुळे ते जरा कठोर असेल.

दिशेच्या भिंतीविषयी मात्र मी अजूनही साशंक आहे. एकतर्फी असण्याचे कारण उघड आहे. दुतर्फी संपर्क दिला, तर प्रत्येक चेंडूआधी चर्चासत्र भरेल, आणि मैदानावरचा मुलगा डगआउटचा हेर बनेल, म्हणजे फलंदाज पाय कुठे रोवतो, रनर किती पुढे सरकला आहे, हे सारे तो पुटपुटत राहील. परंतु नेमक्या याच गोष्टी कॅचरलाच सर्वांत चांगल्या दिसतात. फलंदाजाच्या पायांच्या इतक्या जवळ मैदानात दुसरे कोणी नसते. पिचरचा मागचा चेंडू हातात कसा लागला, त्यात जोर होता की तो सैल पडला, हे डगआउटमधून दिसत नाही, पंजात कळते. ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे त्याने फक्त ऐकायचे आणि ज्याला कमी दिसते त्याने बोलायचे, अशी ही रचना झाली आहे.

आणि इथेच व्यावसायिक खेळाशी तुलना केली की चित्र उलटे दिसते. मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगने, २०२२ मध्ये पिचकॉम नावाचे उपकरण वापरायला परवानगी दिली. त्यात बटणे असतात ती कॅचरकडे. तो बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत, तसेच मैदानावरच्या आणखी तिघांपर्यंत क्षेत्ररक्षकांच्या टोपीत, चेंडूचे नाव ऐकू येते. २०२३ पासून पिचरलाही बटणे मिळाली, कारण त्याच वर्षी चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लागू झाले आणि नकाराची मान हलवत बसायला वेळ उरला नाही. या सगळ्यात डगआउट मुका आहे. प्रशिक्षकांच्या हातात प्रक्षेपक द्यायचा नाही, हे तिथे तत्त्व आहे. म्हणजे कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या प्रौढांच्या खेळात यंत्र दोन खेळाडूंच्या मधे आहे आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या खेळात ते प्रशिक्षक आणि मुलाच्या मधे आहे. ज्यांनी खेळातून विचार करायला शिकावे असे आपण म्हणतो, त्यांच्याच कानात आपण उत्तर सांगतो. यंत्र तेच असूनही दोन्हीकडे ते वेगळे काम करते, आणि म्हणून "उपकरणांना परवानगी असावी की नसावी" हा वाद मला अपुरा वाटतो. कोण कोणाशी बोलतो, हा खरा प्रश्न आहे.

क्रिकेट पाहणाऱ्यांना यावरून १९९९ च्या विश्वचषकातला होव्हचा सामना आठवेल. भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि ॲलन डोनाल्ड कानात उपकरण घालून उतरले होते, दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक बॉब वूल्मर होते. नियमात तेव्हा स्पष्ट मनाई नव्हती, तरी सामनाधिकाऱ्यांनी ती उपकरणे काढायला लावली. तिथेही हरकत निरोपाच्या दिशेलाच होती: कर्णधाराने मैदानावर विचार करायचा की बाहेरून आलेला विचार राबवायचा.

एका प्रशिक्षकांशी मी या विषयावर बराच वेळ वाद घातला आहे, आणि त्यांची बाजू मांडली नाही तर ते अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की पंधरा-सोळा वर्षांच्या कॅचरला चेंडू अडवणे, रनरला बाद करण्यासाठी फेकणे, पिचरला शांत ठेवणे, एवढे काम आधीच पुष्कळ आहे. शिवाय कोणत्या पिचरचा हात कधी दुखायला लागतो हे त्यांना ठाऊक असते, आणि कर्व्हबॉलची संख्या आवरणे त्यांना डगआउटमधून जमते. कॅचरला मात्र आज जिंकायचे असते, म्हणून तो पुन्हापुन्हा तोच चेंडू मागतो. आणि त्यांचा शेवटचा मुद्दा असा की यंत्र नव्हते तेव्हाही निर्णय त्यांचाच होता, यंत्राने फक्त तीन अंक पुकारण्याचा आणि तक्ता वाचण्याचा वेळ वाचवला. हा शेवटचा मुद्दा मला खोडता येत नाही. हाताविषयीचा मुद्दाही मी मान्य करतो. पहिला मात्र मान्य नाही, कारण काम जास्त आहे म्हणून त्यातले सर्वांत रंजक काम काढून घ्यायचे, हा उपाय मला विचित्र वाटतो.

जपानमधील हौशी बेसबॉलने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आहे, आणि ते मला त्याच्या हट्टीपणामुळे आवडते. तिथल्या हौशी खेळाच्या नियमांनुसार सामना सुरू असताना डगआउटमध्ये मोबाइल, संगणक अशी उपकरणे वापरता येत नाहीत, आणि त्याच नियमात पुढे म्हटले आहे की मेगाफोन मात्र चालेल, तोही डगआउटमध्येच आणि एकच. शालेय स्पर्धांत प्रशिक्षक स्वतः मैदानात उतरत नाहीत. पिचरला काही सांगायचे असेल, तर राखीव मुलांपैकी एकाला निरोप्या म्हणून धावत पाठवावे लागते, आणि नऊ डावांत अशा तीनच फेऱ्या मिळतात. त्या मुलाने निरोप नीट सांगितला की वाटेत त्यात स्वतःचे दोन शब्द घातले, हे प्रशिक्षकांना कळायचा मार्ग नाही. शिवाय दुसऱ्या बेसवरच्या रनरने खूण पाहून फलंदाजाला इशारा देणे, जे व्यावसायिक खेळात कौशल्य समजले जाते, तेही तिथल्या शालेय बेसबॉलमध्ये निषिद्ध आहे. २०१९ च्या वसंत ऋतूतील कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत याच संशयावरून मोठा वाद झाला होता, तेव्हा बंदी घातली म्हणजे शंका संपते असे नाही. पण तिथे रेघ यंत्र आणि डोळे यांच्या मधून जात नाही, ती आणखी अलीकडे ओढलेली आहे.

नियम पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी शेवटी अंपायरवर येते, आणि ती पार पाडणे त्याला जवळजवळ अशक्य आहे. कॅचरच्या कानात काय बोलले जाते हे अंपायरला ऐकू येत नाही, तो हातभर अंतरावर उभा असला तरी. चेंडू ठरवण्यासाठीच उपकरण वापरायचे हा नियम आहे, पण "बाहेरचा फास्टबॉल" या शब्दांनंतर "आणि पहिल्या बेसवरच्याकडे लक्ष ठेव" असे कोणी जोडले, तर ते कोणाला कळणार? एकतर्फी यंत्रातून उत्तर जात नाही, हेदेखील अंपायर यंत्र उघडून तपासत नाही. प्रशिक्षकांचे पाय डगआउटच्या आत आहेत की बाहेर, एवढेच त्याला दिसते, आणि माझा कयास असा की जागेची भिंत म्हणूनच बांधली गेली असावी. जे ऐकू येत नाही त्याचे नियंत्रण करायचे, तर जे दिसते त्यावर बोट ठेवणे भाग पडते.

गेल्या हंगामात एका सामन्याच्या पाचव्या डावात कॅचरचे उपकरण बंद पडले. बहुधा बॅटरी संपली असावी. त्याने दोनदा कानाला हात लावला, डगआउटकडे पाहिले, खांदे उडवले. प्रशिक्षकांनी खिशातून मनगटावरचा जुना तक्ता काढला, पण तो कॅचरला नेऊन द्यायचा तर वेळ मागून घ्यावा लागला असता, आणि मैदानात जाऊन खेळाडूंशी बोलण्याच्या त्यांच्या वाट्याच्या भेटी संपत आल्या होत्या. त्यांनी हात हलवून "तूच बघ" अशी खूण केली. मुलगा खाली बसला. काही क्षण काहीच झाले नाही. मग त्याने मांड्यांच्या आड दोन बोटे दाखवली, आणि पिचरने, ज्याने त्या दिवशी तोवर एकदाही मान हलवली नव्हती, नकार दिला. कॅचरने पुन्हा दोनच बोटे दाखवली. या वेळी होकार आला. कर्व्हबॉल जरा उंच राहिला, फलंदाजाने तो उजवीकडे मारला आणि एक रनर घरी पोचला. पुढच्या फलंदाजाला त्यांनी एक बोट, एक बोट, दोन बोटे या क्रमाने बाद केले, आणि डगआउटकडे परत येताना दोघे त्या उंच राहिलेल्या चेंडूवरून एकमेकांशी तावातावाने भांडत होते. सहाव्या डावाआधी नवी बॅटरी मिळाली. मी टॅबलेटवर सगळे चेंडू नोंदवले होते, प्रकार, जागा आणि परिणाम यांसह. तो चेंडू कोणी ठरवला, यासाठी त्यात रकाना नाही, म्हणून मी पाचव्या डावासमोर टिपणाच्या जागेत "बॅटरी" एवढेच लिहिले.